तांबडा उजवा, पिवळा डावा

३ मार्च, सोमवार

नवं ईसीजी मशीन आलं! आलेख काढतं आणि वर निदानही छापतं म्हणे. डॉक्टर सकाळपासून त्याच्याभोवती घुटमळतायत. अकरा पेशंट झाले, अकराही जणांना 'असामान्य'. दारावरच्या वॉचमनलासुद्धा! बावीस वर्षं मी इथे ईसीजी काढतेय, मला विचारायचं तरी. माझं जुनं मशीन गेलं कपाटात. असू दे — नव्याचे नऊ दिवस!

५ मार्च

आज आमचे हे आले. महिन्याचा नेम आहे. ढेकर अडकला की ह्यांना हार्ट अटॅक! "नीट बघ हं, डावीकडे दुखतंय." मशीननेही हात टेकले — 'सामान्य' छापलं. अख्ख्या दवाखान्यात सामान्य माणूस एकच, आणि तो माझ्या वाट्याला! कागद घेऊन गेले घरी, सासूबाईंना दाखवायला. त्या म्हणाल्या, "किती सोसतो गं माझा लेक!"

६ मार्च

मशीन चुकतंय म्हणून कंपनीचा माणूस बोलावला. "मॅडम, तुम्हीच झोपा, दाखवतो." झोपले. दणादण चिमटे लावले त्याने. छापून आलं — 'पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेल्याची शक्यता.' हसून हसून पुरेवाट! तांबडा चिमटा उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पठ्ठ्याने उलटे लावले होते! दाखवलं तर म्हणतो, खोलीत उजेड कमी आहे. नाचता येईना अंगण वाकडं!

डॉक्टर म्हणाले, "ताई, पुन्हा काढून घ्या." म्हटलं, उद्या.

७ मार्च

नाही काढला. गर्दी होती.

९ मार्च, रविवार

गर्दी कसली — परवा तीन पेशंट होते.

गेल्या वर्षी घर बदललं ते आठवतंय. खोकी उचलताना जबडा दुखायला लागला, घामाने ब्लाउज ओला, तासभर भिंतीला टेकून बसले. हे म्हणाले, "पित्त झालंय, थंड दूध घे." आणि मला बघून ह्यांनाच धडधडायला लागलं! दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला — ह्यांचा. काढला कोणी? मीच! ह्यांचा राग येतो, त्याहून माझा येतो.

आणि भीती वाटते.

१० मार्च

सगळे जेवायला गेल्यावर कपाटातलं जुनं मशीन काढलं. तांबडा उजवा, पिवळा डावा — दोनदा तपासलं. ते बिचारं निदान छापत नाही, पण आलेख मला वाचता येतो.

येऊन गेलाय.

तेवढ्यात ह्यांचा फोन. "अगं, छातीत कसंसंच होतंय, येऊ का?"

म्हटलं, "या. पण रांगेत बसा. आज आधी माझा नंबर."