जहाज एकाच कंपनीनं उचललं

३ सप्टेंबर
क्रूझ बुक केली. २० डिसेंबर, चार दिवस, बाल्कनीची खोली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, हिला समुद्र दाखवतो म्हणून तेवढीच वर्षं सांगतोय. लेकीनं फोनवर अटी वाचून दाखवल्या. कलम चौदा: कोणी सगळं जहाज भाड्यानं घेतलं तर आपलं बुकिंग रद्द. तिला म्हटलं, सगळं जहाज कोण घेतं? लोकांना रिक्षा परवडत नाही.

४ सप्टेंबर
ऑफिसात रजेचा अर्ज दिला. पाण्याच्या मीटरचा सगळा विभाग टेबलाभोवती जमला. मी नम्रपणे सगळं सांगितलं. दोनदा.

११ ऑक्टोबर, सकाळी
ईमेल. सगळं जहाज एका कंपनीनं घेतलंय. आमची सफर रद्द. पैसे परत घ्या किंवा २९ नोव्हेंबरला त्याच जहाजानं जा. दहा दिवसांत कळवा.
ही म्हणाली, २९ ला जाऊ की. मी म्हटलं, प्रश्न तारखेचा नाही, तत्त्वाचा आहे.

१२ ऑक्टोबर
सात पानी पत्र पाठवलं. अठरा वर्षं मी लोकांच्या तक्रारींना उत्तरं देतोय. कुठे बोट ठेवलं की समोरचा गार होतो, मला ठाऊक आहे.

१३ ऑक्टोबर
उत्तर आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. घाबरले.

१६ ऑक्टोबर
तेच उत्तर तिसऱ्यांदा. स्वल्पविरामासकट.

१९ ऑक्टोबर
हिनं २९ तारखेचा फॉर्म पुढे केला. फक्त सही हवी होती. मी म्हटलं, सही म्हणजे शरणागती. तिनं फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवला. पटलं असावं.

२३ ऑक्टोबर
लेकीनं शोधून काढलं. जहाज घेतलंय एका गाद्यांच्या कंपनीनं, आपल्या डीलर लोकांसाठी. जो १० डिसेंबरपर्यंत तीस गाद्या विकेल त्याला दोन तिकिटं फुकट. नवे डीलर घेणं चालू आहे.
त्याच जहाजावर, त्याच तारखेला, त्यांच्याच खर्चानं. असलं डोकं मीटर विभागात वाया जातंय.

३० ऑक्टोबर
दहा गाद्या आल्या. दिवाणखान्यात उभ्या केल्या. टीव्ही दिसत नाही, पण बातम्या ऐकू येतात. ही स्वयंपाकघरात अंग चोरून जाते. काही बोलत नाही. भारावलीय.

८ नोव्हेंबर
साहेबांना गादी सुचवली. त्यांना पाठीचा त्रास आहे. म्हणाले, त्यांच्या पाठीचं कारण गादी नाही, मी आहे. विनोदी माणूस.

१५ नोव्हेंबर
शेजारच्या शिंपिणबाई येऊन एका गादीवर तासभर झोपल्या. उठून म्हणाल्या, छान झोप लागली, आता घरी जाते.

१७ नोव्हेंबर
चहा घेताना हिनं सांगितलं की मुदतीच्या आदल्या दिवशी तिनं फॉर्म भरून टाकला होता. माझी सही नव्हती, म्हणून माझ्या जागी मेहुणीचं नाव घातलं. बॅगही भरून झालीय.
विचार केला तर बरंच झालं. बहिणीबहिणी आधी जाऊन जहाज पाहून येतील. आमच्या वेळी सोपं पडेल.

२९ नोव्हेंबर
बंदरावर सोडायला गेलो. जहाज पांढरंशुभ्र, सात मजली. मेहुणी म्हणाली, भावजी, तुम्ही असता तर मजा आली असती. मी म्हटलं, मी २० तारखेला आहेच. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शिडीवरून हिनं वळून पाहिलं. मी हात हलवला. ती बॅगेचं चाक सोडवत होती.

१० डिसेंबर
मुदत संपली. विकलेल्या गाद्या: एक. गिऱ्हाईक मीच. ही जहाजावर होती तेव्हा घरच्या गादीवर एकट्याला झोप येईना.

२० डिसेंबर
रजा मंजूर होती, रद्द करायला गेलो तर साहेब म्हणाले, घ्याच. दुपारी कंपनीचा टेम्पो नऊ गाद्या घेऊन गेला. दिवाणखाना एकदम मोठा झाला. आम्ही दोघं समोरासमोर.
ही म्हणाली, अडीच आठवडे झाले मला येऊन, कसं झालं म्हणून तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.
खरंच विचारलं नव्हतं. विचारलं.
ती सांगत बसली. चहा दोनदा झाला. मध्ये जहाज सुटायची वेळ होऊन गेली असणार, मी घड्याळ पाहिलं नाही. सकाळी समुद्र करडा असतो म्हणे. आणि पहिल्या दिवशी तिला फार रडू आलं. का, ते मी विचारायच्या आत ती कप विसळायला उठली.