बिनमिठाचा घास

६ जानेवारी, सोमवार
पोचले एकदाची. ट्रोट्रोच्या खचाखच गाडीत शेजारणीची कोंबडी माझ्या मांडीवर होती आणि टेकडीच्या पायथ्यापर्यंत ती माझ्याशी भांडत आली. हरमटानचा वारा सुटलाय, ओठ फुटलेत, नाकाघशात धूळ. पण मन कसं हलकं झालंय. डुफी फाटकातच पळत येऊन गळ्यात पडली. माझी धाकटी बहीण लग्नानंतर सुकून काडी झाली होती, आता गाल वर आलेत. मूल होत नाही म्हणून सासू येता-जाता टोचून बोलायची, तेव्हा ती या प्रार्थनाशिबिरात आली ती इथलीच झाली. मी इथे स्वयंपाकीण म्हणून आलेय हे खरं, पण खरी आलेय ती तिच्यासाठी. बाबा आमच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे उपदेशक. निघताना म्हणाले, सेर्वा, ईस्टरला दोघी घरी दिसल्या पाहिजेत. मी म्हटलं, दिसू.

स्वयंपाकघर बघत राहावं असं आहे. चुली मोठ्या, पाणी भरपूर, पातेली घासलेली. मुख्य आहे पोकुआ आंटी, जाडजूड आणि तोंडाने तिखट. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, कुमासीच्या खानावळीतली ना तू, मग तेलाचा हात सैल असणार. मी म्हटलं, आंटी, तेल जपलं की गिऱ्हाईक पळतं. ती इतकी हसली की आमचं तिथेच जमलं.

एकच गोष्ट वेगळी वाटली. संदेष्टे असिआमा, ज्यांना इथे सगळे पपा म्हणतात, त्यांचं पातेलं निराळं आणि त्यात मिठाचा कण पडता कामा नये. रक्तदाब असेल, मी म्हटलं. आंटी म्हणाली, असेल.

९ जानेवारी, गुरुवार
आज पहिली उपासना पाहिली. पत्र्याच्या मंडपात माणूस मावत नव्हतं. ढोल सुरू झाले तसे माझेही पाय राहिनात. आमच्या मंडळीतलं पेंगुळलेलं ऑर्गन आठवून हसू आलं. पपा बोलतात हळू. नोकरी मिळेल, म्हणतात, आणि सगळा मंडप हात पुढे करून ओरडतो, घेतलं! कूस उघडेल. घेतलं! शत्रू लोळेल. घेतलं! आशीर्वाद हवेत असतो म्हणे, तोंडाने घेतलं म्हटल्याशिवाय तो आपला होत नाही. शेजारची बाई कोपराने ढोसायला लागली तेव्हा मीही ओरडले. आमच्या ट्वी भाषेत श्रद्धेला जिदी म्हणतात, घे आणि खा. लहानपणी बाबा हा शब्द फोड करून सांगायचे, तेव्हा मला पाव आठवायचा.

नंतरचं मात्र आवडलं नाही. पपांनी एकेकाला उपाय सांगितले. तुम्ही लाल कापडात अंडं बांधून चौरस्त्यावर फोडा. तुम्ही लिंबाच्या पाण्याने अंघोळ करा आणि मागे वळून पाहू नका. हे प्रभूचं काम की देवऋषीचं? बाबा असते तर छत्री उचलून चालते झाले असते. मी बसून राहिले, कारण डुफी माझा हात धरून बसली होती.

१३ जानेवारी, सोमवार
आज आंटीने मला पपांसाठी एतो करायला सांगितलं. उकडलेला सुरण कुटून लाल पामतेलात कालवायचा आणि वर अख्खी उकडलेली अंडी ठेवायची. वाढदिवसाला आम्ही सगळेच करतो. पण हाही बिनमिठाचा.

माझ्या हातातला कालथा थांबला. आजोबांचा थोरला भाऊ ख्रिस्ती झाला नाही, तो नदीकाठच्या दगडाची सेवा करायचा. त्या दगडापुढे असाच एतो ठेवायचा, मीठ न घालता. मीठ जिवंत माणसाचं, पलीकडच्यांना ते सोसत नाही, असं तो आम्हा पोरांना सांगायचा आणि आजी आम्हाला बखोटं धरून घरी न्यायची. मी आंटीला स्पष्ट विचारलं, हा कुणाचा नैवेद्य रांधतोय आपण? तिची थट्टा एकदम आटली. म्हणाली, तू रांध, पोरी. पपांच्या अभिषेकाला मीठ चालत नाही.

ताट न्यायला पपा स्वतः आले. फार अदबीने बोलले, तुमच्या हाताला चव आहे म्हणाले. हडकुळे आहेत, सारखं खोकतात. या कोरड्या वाऱ्यात भिंतींनासुद्धा भेगा पडल्यात, आणि त्यांच्या श्वासाला नदीच्या चिखलाचा वास येतो.

१६ जानेवारी, गुरुवार
दार लावून लिहितेय.

आज दुपारी मूल नसलेल्या बायकांची वेगळी प्रार्थना होती. मी रांधलेला एतो पपांनी तोंडात घेतला, चावला, बराच वेळ चावला, आणि पहिल्या बाईने समोर गुडघे टेकून तोंड उघडलं तसा तो लगदा स्वतःच्या तोंडातून तिच्या तोंडात सोडला. पक्षिणीने पिलाला भरवावं तसं. पामतेलाची तांबडी लाळ तिच्या हनुवटीवर आली, तर ती तिने बोटाने पुसून चाटली. घेतलं, म्हणाली. मग दुसरी. मग तिसरी. चांगल्या घरच्या बाया, इस्त्रीचे कपडे, आणि रांगेत पुढेमागे ढकलाढकली. पाचवी माझी डुफी होती. ती सरावल्यासारखी तोंड उघडून वर बघत होती.

स्वयंपाकघरामागे जाऊन मी सगळं ओकले. डुफी मागोमाग आली आणि माझी पाठ चोळत हसायला लागली. म्हणाली, ताई, तू अगदीच ही आहेस. सासूच्या तोंडातून जे जे पडलं ते मी इतकी वर्षं गिळलंच ना, त्याची किळस नाही आली कुणाला. आणि जिदीचा अर्थ बाबांनीच शिकवलाय, घे आणि खा. तिच्या तोंडाला तो चिखलाचा वास येत होता.

२१ जानेवारी, मंगळवार
डुफीसाठी मुद्दाम शेंगदाण्याचं सार केलं, आई करायची तसं. पहिलाच चमचा तिने थुंकला. भाजलं म्हणाली. सार कोमट होतं. तिच्या जिभेवर मिठाने फोड उठावेत तसे लाल ठिपके आले होते. आता पाहिलं तर त्या रांगेतल्या सगळ्याच बायका आपलं अन्न बिनमिठाचं मागून नेतात. मला वाटायचं उपास आहे.

घरी चल म्हणून हात जोडले तिच्यापुढे. म्हणाली, शनिवारनंतर. शनिवारी पपा तिला पूर्ण घास देणार आहेत, सगळ्या बायकांतून तिची निवड झालीय. मी आंटीला कोपऱ्यात गाठलं, पूर्ण घास म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय चूल पेटवणार नाही म्हटलं. ती भाजी निवडत, वर न बघता बोलली. पपांना तो त्यांच्या गुरूंनी दिला होता. गुरूही असेच खोकायचे, असेच वाळले होते. दिला आणि गेले. पपाही आता थकलेत, त्याला नवं घर हवंय. मी विचारलं, कुणाला? ती म्हणाली, अभिषेकाला.

आणि मूल? तर म्हणाली, ज्या घरात तो राहतो तिथे दुसरं कोण राहणार.

२३ जानेवारी, गुरुवार
डुफीला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. फाटकावरचे लोक तिला बाहेर सोडत नाहीत आणि तिला बाहेर जायचंही नाही. बाबांना फोन लावला, खोकल्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू आलं नाही. बाबांना खोकला नाहीये.

शनिवारचा एतो मीच रांधणार आहे. एवढंच माझ्या हातात आहे.

२५ जानेवारी, शनिवार
आम्ही घरी आहोत. दोघी. आधी हे लिहिते.

मी मीठ घातलं. चिमूट नाही, मुठी. पामतेलात विरघळवून, सुरणात मळून. दुपारी भरल्या मंडपात पपांनी घास घेतला, चावला आणि थांबले. ढोल चालूच होते. त्यांचा गळा फुगला. ओकारी नव्हती ती. तोंडातून काहीतरी बाहेर आलं, पांढुरकं, बुळबुळीत, शंखातून ओढून काढलेल्या गोगलगाईसारखं, आणि ते आपणहून डावीउजवीकडे वळून काही शोधत होतं. लोकांनी काय पाहिलं कोण जाणे, सगळे घेतलं घेतलं ओरडत होते. डुफी तोंड उघडून वाट पाहत होती. मी तिच्या वेण्या धरून तिला मागे खेचलं आणि तिच्या जागी पडले.

पपांनी माझ्याकडे पाहिलं. फार दमलेले डोळे होते. म्हणाले, घे.

आणि माझं तोंड – तीन आठवड्यांची सवय, दुसरं काही नाही – मी म्हटलं, घेतलं.

नुसतं म्हटलं. तोंडात काही गेलं नाही. गेलं असतं तर कळलं असतं. पपा आडवे झाले, गोंधळ उडाला, फाटक मोकळं मिळालं आणि मी डुफीला फरफटत खाली रस्त्यावर आणलं.

२७ जानेवारी
डुफीने आज स्वतःहून मीठ मागितलं. आंबवलेल्या मक्याचे केंके आणि शेंगदाण्याचं सार, दोनदा वाढून घेतलं. मग रडली, मग हसली, सासूची नक्कल करून दाखवली. तिच्या तोंडाचा वास गेला. बाबांनी गुडघे टेकून आभार मानले. इतकं बरं वाटलं. मला सर्दी झालीय बहुतेक, कशालाच चव नाही.

३० जानेवारी
बाबा जेवताना म्हणाले, सेर्वा, सारात मीठ विसरलीस. सगळे हसले. मीही. विसरले नव्हते. डब्याकडे हात गेला होता, पण बोटं –

उशीला चिखलाचा वास येतो. अभ्रा दोनदा धुतला.

२ फेब्रुवारी, रविवार
आमच्या मंडळीत प्रभुभोजन. पावाचा तुकडा जिभेवर ठेवला आणि निखारा ठेवल्यासारखं झालं. गालात धरला. बाहेर येऊन रुमालात थुंकला. बाबांनी पाहिलं.

आरशात जीभ पाहिली. लाल ठिपके. मला माझीच किळस येते. तोंड धुते, परत धुते. आत कुणीतरी घसा खाकरल्यासारखं करतं.

४ फेब्रुवारी
पोकुआ आंटी फाटकाशी आली होती. टोपलीत सुरण आणि अंडी. मला पाहून रस्त्यावरच गुडघे टेकले. जी मला सैल हाताची म्हणायची ती. मला ममा म्हणाली. पपा गेले, आता सगळे तुमची वाट पाहताहेत, म्हणाली.

डुफीने झाडू घेऊन तिला हाकललं. नवस बोलायला दुसरा दगड बघ म्हणाली, माझी बहीण आहे ही. टोपली मात्र राहिली. डुफीला फेकायला सांगितलं नाही मी. का नाही –

५ फेब्रुवारी
खोकला. पोटात काही टिकत नाही. भूक मात्र – ती माझी नाही.

बाबांना सांगायला तोंड उघडलं. शब्द नाही, दुसरंच काही वर येत होतं. मिटून घेतलं.

६ फेब्रुवारी
बाबा मंडळीत गेलेत. एतो झालाय. मी केला. कधी कुटला आठवत नाही. मीठ नाही त्यात.

लिहीत राहिले की हात दुसरं काही करत नाहीत. म्हणून लिहितेय. सेर्वा. मी सेर्वा. उपदेशकाची मुलगी. डुफीला मी बाहेर काढलं. डुफीला मी –

तोंडात घास आहे. मी घेतला नव्हता. चावला जातोय.

डुफी आली बाहेरून. भूक लागलीय म्हणते. ताई, वास काय छान सुटलाय. माझ्यासमोर येऊन बसली, लहानपणी बसायची तशी, पाय पसरून. डुफी ऊठ. लिहितेय तोवर ऊठ. ती हसतेय, भरव ना म्हणते. मी मान हलवली, नाही म्हणून – हललीच नाही. तिच्या हनुवटीला हात कुणाचा –

तोंड उघडतेय ती. डुफी, म्हणू नकोस, काहीही झालं तरी म्हणू नकोस घेत