वाट तुमची नव्हती, बाबा

प्रिय बाबा,

मंगळवारी मी तुमच्याबद्दल तहसीलदारांसमोर एक गोष्ट बोलले. पाड्यावरची माणसं होती, गोदामवाले होते, आपला सुनील होता. तुम्ही असतात तर तुमच्या तोंडावरही हेच बोलले असते, असं मी चार दिवस स्वतःला सांगतेय. खरंच बोलले असते का? माहीत नाही. गावातलं कुणीतरी तुमच्या फोटोसमोर उभं राहून ते पुटपुटण्याआधी माझ्याकडूनच तुम्हाला कळावं, म्हणून लिहायला बसलेय.

तुम्हाला जाऊन अकरा महिने झाले. तुमच्या तेराव्यानंतर महिनाभरात डोंगराकडचं फाटक बंद झालं.

तुम्हाला आठवत असेल, शेत विकलं तेव्हा मी विचारलं होतं, ‘वाटेचं काय?’ तुम्ही म्हणालात, ‘वाट कुठे जातेय?’ आणि खरंच, गोदामाची भिंत उभी राहिली तरी तिच्यात माणूस जाईल एवढं फाटक ठेवलेलं होतं. तुम्ही दिसलात की वॉचमन खुर्चीतून उठायचा. पाड्यावरच्या बायाही ‘मास्तरांच्या गावच्या आहोत’ म्हणून जायच्या. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. आता राग येतो. वाट सगळ्यांची होती ना? मग तिच्यावरून जायला तुमची ओळख कशाला लागायची?

कामतघरच्या शाळेतल्या माझ्या मुलांना तुम्ही शेवटचं वर नेलंत तो दिवस मी विसरत नाही. लूमच्या खडखडाटात जन्मलेली पोरं ती. ओढ्यात पाय सोडून बसलेल्या नाझियाने विचारलं होतं, ‘टीचर, ये पानी बंद कौन करता है?’ मी हसले. तुम्ही हसला नाहीत. तिला घेऊन वर, झऱ्यापर्यंत गेलात आणि खडकातून पाणी येतं त्या जागेवर तिचा हात ठेवलात. घरी जाऊन तिने आईला काय सांगितलं असेल, याचा मी कितीदा विचार केलाय.

या वर्षी नव्या वर्गाला घेऊन गेले. अडतीस मुलं. बसवाला आम्हाला उतरवून अकलोलीकडे निघून गेला, चार वाजता येतो म्हणाला. फाटकाला कुलूप होतं. ते बंद झाल्याचं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

वॉचमन नवा होता. ‘मॅडम, ऊपर से ऑर्डर है. अंदर कोई नहीं जाएगा.’

मी तुमचं नाव सांगितलं.

‘कौन मास्तर?’ तो म्हणाला. उर्मटपणे नाही हो. त्याला खरंच माहीत नव्हतं.

बाबा, त्या रस्त्याच्या कडेला उभं राहायलासुद्धा जागा उरलेली नाही. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गटार. मुलांना भिंतीला चिकटवून उभं केलं आणि बसवाल्याला फोन लावत राहिले. तो उचलेना. तेवढ्यात मोठ्या गेटातून एक कंटेनर मागे येऊ लागला. ड्रायव्हरला मुलं दिसत नव्हती. मी गाडीच्या पत्र्यावर हात आपटत ओरडत होते आणि ट्रेलरचं मागचं टोक भिंतीकडे सरकत होतं. शेवटची दोन मुलं मी दंडाला धरून ओढली, तेव्हा वॉचमनची शिट्टी वाजली आणि गाडी थांबली. भिंत आणि गाडी यांच्यात एका दप्तराएवढी जागा राहिली होती. एकाचं दप्तर तिथेच अडकलं होतं. डबा चेपला होता.

कुणाला काही झालं नाही. मुलं रडलीही नाहीत, आणि मला तेच सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सांगितलं, आता सहली बंद. पुढच्या आठवड्यात मी वाट मोकळी करून मिळावी म्हणून तहसील कचेरीत अर्ज दिला.

भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा जुना नकाशा काढला. आपल्या शेताच्या मधून तुटक रेघ जाते, पाड्यापासून थेट डोंगरापर्यंत. पाऊलवाट. मी ती रेघ बोटाने किती वेळ चाचपत बसले होते! तुम्ही इतकी वर्षं तिथल्या वॉचमनला नमस्कार करत राहिलात आणि वाट सरकारी कागदावर होती.

तहसीलदार जागेची पाहणी करायला येणार होत्या, त्याच्या दोन दिवस आधी सुनील दुपारी घरी आला. त्याच्या मालाच्या गाड्या त्याच गोदामात चालतात, हे तुम्हाला माहीतच आहे. पाणीसुद्धा न पिता त्याने खरेदीखताची झेरॉक्स माझ्यापुढे टाकली.

‘ताई, पान सात वाच.’

वाचलं. या मिळकतीतून कोणाचीही वहिवाट, रस्ता अथवा पाऊलवाट नाही. खाली तुमची सही. तुमचं ते वळणदार, मास्तरी अक्षर.

‘हे ते मंगळवारी काढणार,’ सुनील म्हणाला. ‘सगळ्यांसमोर विचारणार, मास्तर खोटं बोलले की तू खोटं बोलतेस. अर्ज मागे घे. बाबांना कशाला मध्ये ओढतेस?’

‘तुला हे आधीपासून माहीत होतं?’

‘मीच वाचून दाखवलं होतं त्यांना. ते म्हणाले, असं सगळ्याच खतांत लिहितात, कर पुढे.’

‘कर पुढे’ म्हणालात, बाबा? ज्या वाटेवरून तुम्ही तीस वर्षं वर्ग नेलेत, जिथे मला कुडा आणि करवंद ओळखायला शिकवलंत, ती वाट नाहीच असं लिहिलेलं ऐकलंत आणि पेन मागितलंत? मी त्या सहीकडे बघत होते. तुम्ही घाईत होतात? थकला होतात? की वाटलं, मी आहे तोवर कोण अडवतोय? मला वाटतं शेवटचंच खरं. तुम्हाला तुमच्या शब्दावर फार भरवसा होता. तुमच्यानंतर तो शब्द कोण पाळणार, याचा विचार राहून गेला.

अर्ज मागे घ्यायचा, असं मी दोनदा ठरवलं. खोटं कशाला सांगू?

मंगळवारी भर उन्हात सगळे फाटकापाशी जमलो. तहसीलदारबाईंनी नकाशा पसरला. पाड्यावरची सोमीबाय पुढे आली. तुम्ही तिला बहीण मानायचात. आता तिला नीट दिसत नाही, नातीचा हात धरून आली होती.

‘आमचा देव वर हाय, पानी वर हाय,’ ती म्हणाली. ‘मी लगीन होऊन आले ती याच वाटेनी आले. आन् हे म्हनतात वाट न्हाय. मंग मी आले कुठून?’

मग कंपनीच्या वकिलांनी पान सात काढलं. मला विचारलं, ‘ही सही तुमच्या वडिलांचीच ना?’

सुनील मोटारसायकलला टेकून उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता. मला एकदा वाटलं, म्हणावं, आठवत नाही. कुणीही मला दोष दिला नसता.

‘हो, त्यांचीच,’ मी म्हणाले.

‘म्हणजे वाट नव्हती, हे त्यांनी कबूल केलंय.’

‘त्यांनी लिहून दिलंय ते खोटं आहे,’ मी म्हणाले. ते इतक्या हळू निघालं की तहसीलदारबाईंनी पुन्हा सांगायला लावलं. मग मी मोठ्याने सांगितलं. ‘माझ्या वडिलांनी खोट्यावर सही केली. शेत त्यांचं होतं, ते त्यांनी विकलं. वाट त्यांची नव्हती. ती या सगळ्यांची आहे. जे त्यांचं नव्हतं, ते नाही असं लिहून द्यायचा त्यांना अधिकार नव्हता.’

सुनीलने गाडीला किक मारली आणि गेला. मी पंचनाम्यावर माझी सही केली.

आज सकाळी कागद आला. अंतिम निकाल होईपर्यंत सूर्योदय ते सूर्यास्त फाटक उघडं ठेवायचं, पायी जाणाऱ्या कुणालाही अडवायचं नाही. कुणालाही, असाच शब्द आहे. निकाल बाकी आहे आणि ते वरच्या कचेरीत जातील हे मला ठाऊक आहे. मुख्याध्यापकांची परवानगीही अजून मिळालेली नाही.

दुपारी सुनील आला. दारातच उभा राहिला. ‘लोक बाबांना खोटारडे म्हणतायत,’ म्हणाला. मी त्याला आत बोलावलं, जेवायला वाढलं. त्याने दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. जाताना म्हणाला, ‘माझं काम तिथून गेलं तर?’ त्याचं ताट मी झाकून ठेवलं.

बाबा, मी तुम्हाला एवढंच वचन देते. ही वाट आपल्या त्या गट नंबरच्या सातबारावर, इतर हक्कांच्या रकान्यात चढेपर्यंत मी कचेरीच्या पायऱ्या चढत राहीन. आणि मुलं विचारतील, ही वाट कुणी दाखवली, तर मी दोन्ही सांगेन. झऱ्यापर्यंत नेणारे तुम्हीच होतात, आणि पान सातवर सही करणारेही तुम्हीच. सही लपवून तुम्हाला मोठं करणार नाही, आणि फक्त सहीवरून कुणाला तुम्हाला मोजूही देणार नाही. सुनीललासुद्धा नाही, आणि रागाच्या भरात असेन तेव्हा मलाही नाही.

तुमची,
रंजू