फुलाबाईंनी गुंडाळलेला डबा

वारूळवाडी,
२८ नोव्हेंबर २००४

प्रिय परवेज,

वर्षभर गप्प बसायचं आणि मग चार ओळींत ना माझी, ना आपल्या वर्कशॉपची, नुसती चिपची चौकशी करायची, हे तुलाच जमतं बाबा! वाड्यांवर काम करणाऱ्या त्या संस्थेनं अशक्त बाळांच्या विजेवरच्या गरम गाद्या पुन्हा मागवल्यात, तर चिप कोणती घालू, आपोआप परत चालू होणारी की बंदच राहणारी, एवढंच विचारलंस. परवा जुन्नरला तुझ्या अम्मींना भेटले. त्या म्हणाल्या, फोनवर हां-हूं करतो आणि ठेवून देतो. पुण्याच्या नोकरीत बोलायलाही बंदी आहे का रे?

आधी तुझं काय बरोबर होतं ते सांगते, म्हणजे पुढचं वाचशील. वायर शॉर्ट झाली किंवा चिप फार तापली की दोन्ही चिपा वीज तोडतात. फरक त्यानंतरचा. एक थोडी निवली की आपली आपण चालू होते, दुसरी कुणी बटण दाबेपर्यंत बंद राहते. मी आपोआपवालीसाठी भांडले होते. तू म्हणालास, उंदरानं वायर कुरतडली तर ही पुन्हा पुन्हा वीज सोडत राहील, आणि बाळाखाली जाळ नको, म्हणून आपण बंद राहणारीच घातली. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम वायर सोलून ती चिप लावून बघितली. बंद पडली, चालू झाली, परत बंद, परत चालू, आणि शेवटी गादीचा कापूस काळा पडला. तुझी भीती खरी होती.

पण बंद राहणाऱ्या चिपेला बटण दाबणारं माणूस लागतं. तळेघरच्या वरच्या त्या वाडीत भाताच्या लावणीच्या दिवसांत घरात कोण असतं? गेल्या वर्षी बटण कुठलं ते भागूला शिकवलं होतं, बाळाच्या आईला, आणि ती खाचरात गुडघाभर चिखलात. घरी तिची सासू फुलाबाई आणि आपल्या गादीवर ते एवढंसं बाळ. बाहेर पाऊस, दारातून झोंबरा वारा. गादीला वीज देणारा आपला डबा फुलाबाईंच्या हाताला कोमट लागला. त्यांना वाटलं, ऊब इथून वाया चालली आहे. भाकरी फडक्यात गुंडाळतात तसा त्यांनी तो डबा गोधडीत घट्ट गुंडाळला, सगळी ऊब बाळाला मिळावी म्हणून. आतली चिप तापली, बंद पडली आणि बंदच राहिली. संध्याकाळी भागू आली तेव्हा बाळ गार होऊन गेलं होतं.

संस्थेच्या माणसांनी वाडीसमोर सांगितलं, आजीनं डबा गुंडाळला म्हणून असं झालं. खोटं नाही ते, पण पुरतं खरंही नाही. आपोआप चालू होणारी चिप असती तर ती गोधडीतही निवून पुन्हा पुन्हा चालू झाली असती, अर्धीमुर्धी का होईना ऊब देत राहिली असती. हे तुला माहीत होतं. तू तिथं उभा होतास आणि काही बोलला नाहीस. आठवड्याभरात पुण्याला निघून गेलास. मला तुझा फार राग आला, परवेज. अजूनही आहे. तुझी आठवणही तेवढीच येते, म्हणून राग जास्त येतो.

तर चिपचं उत्तर. दोन-चार वेळा स्वतःहून चालू होऊन बघणारी घे, तेवढ्यानं नाहीच जमलं तर मग बंद राहणारी, आणि बंद पडल्यावर शिट्टी वाजवणारी. शिट्टी अशी हवी की शेजारच्या घरातलं माणूस धावत यावं. इथं सुटे भाग मिळतील, जोडणी मी करते.

पण एवढ्यासाठी मी हे लिहीत नाही. दिवाळीनंतर मी वर जाऊन आले. भागूला पुन्हा दिवस गेलेत, माघात बाळंत होईल. फुलाबाई तिला माहेरी पाठवायला निघाल्यात. म्हणतात, “माज्या हातात प्वार देऊ नगा.” भाकऱ्यासुद्धा आता त्या उघड्याच ठेवतात, वाळून कडक झाल्या तरी फडकं घालत नाहीत. मी शेजारी बसून दोन्ही चिपांची गोष्ट समजावली. शेवटी माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, “तू माजं मन राखाया बोलतीस, पोरी. ज्यानं डबा केला त्यो असं म्हनला का?” म्हणून तू ये. भागू माहेरी जायच्या आत ये, त्यांच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडानं सांग. मी बरोबर येईन, पण बोलायचं तू. त्यांनी मला तुझं नाव विचारलं. मी सांगितलं, आणि तो येईल असंही सांगून बसले आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
ज्योत्स्ना