पाटात पडलेली व्हॅन

आण्णा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तिसगावातला तुमचा फोटो स्टुडिओ मला टिकवता आला नाही. आता मी बातम्यांसाठी शूटिंग करतो. नोकरी नाही. अपघात, आग, विहिरीत पडलेला बिबट्या, काही घडलं की सगळ्यांच्या आधी पोचायचं आणि चॅनेलला क्लिप पाठवायची. ती टीव्हीवर लागली तर घर चालतं. कुणाचं तरी वाईट झाल्याशिवाय माझा फोन वाजतच नाही.

परवा दुपारी साडेचारला वाजला. नेवाशाजवळ शाळेची व्हॅन पाटात पडली होती. मी पोचलो तर व्हॅन आडवी, आवर्तन सुटल्यानं पाट पाण्यानं भरून वाहतोय, आणि काठावर निळ्या गणवेशातली पोरं रडतायत. तुमच्या नातीचीच, माझ्या पोरीचीच शाळा, आण्णा. त्या शाळेच्या दोन व्हॅन आहेत. ही कुठली, कळेना, नंबर पाण्याखाली. मी कॅमेरा सुरू केला आणि झूम करून एकेका पोराचं तोंड बघत गेलो. ती दिसेना.

"आरं, त्यो क्यामेरा ठेव आन् हिला धर की!" एक म्हातारी ओरडली आणि भिजलेली एक पोर माझ्या अंगावर दिली. एका हातावर मी तिला घेतलं. दुसरा हात काही थांबला नाही. मिरजगावच्या लग्नात वाऱ्याने मांडव पडला, तेव्हा तुम्ही कॅमेरा टाकून बांबू उचलायला धावलात आणि मी शूट करत राहिलो म्हणून चारचौघांत ओरडलात, "डोळं फुटलं का तुझं?" मला तेव्हा तुमचाच राग आला होता.

ड्रायव्हर छातीपर्यंत पाण्यात उभा राहून रडत होता. "आजून येक हाय का बगा, मला मोजता येईना!" पाण्यात उतरलेल्या दोघांनी पुन्हा बुडी मारली. तेवढ्यात चॅनेलचा फोन. "पाठवलं का? दुसरीकडे लागायच्या आत पाठव."

आत कुणी नव्हतं. सगळी पोरं वाचली, एकीचा हात मोडला. आपली पोर शाळेतच होती. तिची व्हॅन उशिरा सुटणार होती, असं बाईंनी फोनवर सांगितलं आणि मी तिथेच मातीत बसलो.

बायको आता येईल त्याला सांगते, "ह्यांनी आदी शाळेत फोन लावला, बापाचं काळीज हाय." मी मान हलवतो. हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि घरात ठेवायची भीती वाटते, तिच्या हाती लागेल म्हणून. लिहून झालं की फाडीन. आण्णा, मी आधी क्लिप पाठवली. रेंज कमी होती. ती पूर्ण जाईपर्यंत स्क्रीनकडे बघत उभा राहिलो, आणि मग शाळेचा नंबर लावला.