अर्धा चेहरा

ता. ४ जून
ती. आईस, सा. न. वि. वि.
मी खुशाल आहे, निदान खानावळीला नावं ठेवण्याइतकी तरी. दागिन्यांच्या वर्गात परीक्षेला कर्णफुलांची जोडी काढायचीय, कुणाच्या तरी कानात घातलेली. मी तुलाच धरलंय. समोरून काढलेला फोटो पाठव, ओठ न मुरडता. चेहरा काय आणि दागिना काय, आम्ही अर्धाच काढतो. मग पातळ कागद मधोमध दुमडून, मागून घासून म्हणजे घोटून, दुसरी बाजू उठवतो. सर म्हणतात, दोन बाजूंत केसाचाही फरक नको. बाबांना नमस्कार. लोभ आहेच, तो फोटोतही दिसू दे.
तुझी, भिंगरी

ता. ११ जून
चि. भिंगरीस अ. उ. आ.
फोटो पाठवतेय. दाराआडून अर्धीच दिसतेय म्हणून कुरकुर नको. तुला अर्धाच लागतो ना? कान आलाय, डोळा आलाय, आणखी काय हवं? फोनवर आवाज बोबडा वाटला म्हणालीस, ते दाताचं दुखणं. वेळेवर जेवत जा.
तुझी, आई

ता. २५ जून
ती. आईस, सा. न. वि. वि.
पहिला नंबर! सरांनी चित्र वर्गाच्या भिंतीवर लावलंय. त्याची नक्कल सोबत आहे. मैत्रिणी म्हणतात, एवढी देखणी आई, मग तू कुणावर गेलीस? बाबांना सांगू नकोस.
तुझी लाडकी, भिंगरी

ता. २ जुलै
चि. भिंगरीस अ. उ. आ.
चित्र आरशाशेजारी टेकवून बघितलं. बाबा म्हणाले, आता तरी लिही, नाहीतर मी लिहितो. तू गेल्यावर एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडात राहीना. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडलीय. डोळा नीट मिटत नाही, ओठ खाली ओढलाय. डॉक्टर म्हणतात, थोडं सुधारेल, सगळं नाही. तुझी परीक्षा होती, आणि खरं सांगते, मला लाजही वाटली. तू दुमडून उठवलीस ती बाजू आता माझ्याकडे नाही गं.
तुझी, आई

ता. ६ जुलै
आई,
आज मायना-बियना काही नाही, रागावलेय. तू तिकडे एकटी सोसत होतीस आणि मी इथे तुझा गाल घोटत बसले होते. चित्र भिंतीवरून उतरवलं. सरांनी कारण विचारलं, तर मी चुकलंय म्हणाले आणि तिथेच रडले. शनिवारी येतेय. मोठा कागद आणतेय, तो दुमडणार नाही. दार सताड उघडं ठेवून माझ्यासमोर बसायचं.
भिंगरी

ता. ८ जुलै
चि. भिंगरीस अ. उ. आ.
ये. दोन्ही कानांत कर्णफुलं घालून बसते. तेवढी सुरुवात माझ्या उजव्या गालापासून कर, म्हणजे डावीकडे येईपर्यंत माझी भीड चेपेल.
तुझी, आई