भाईच्या आवाजातलं एक वाक्य

फुलसावंगी,
वेचणीचे दिवस

प्रिय अमर,

फोनवर दोन ओळी लिहून तुला मोकळं करता आलं असतं, पण इतक्या स्वस्तात मला तुला सोडायचं नाही. म्हणून पत्र. पुण्याचा पत्ता तुझ्या याडीकडून घेतला. तांड्यावर गेले आणि पोटच्या पोराचा पत्ता मागितला, तर रुक्माबाईंनी कशाला हवा म्हणून विचारलंसुद्धा नाही. तू बनवलेला कॉम्प्युटरवरचा खेळ मिळाला, निरोपही मिळाला. बंगलोरला कुठल्याशा मेळाव्यात तो दाखवायचाय आणि त्याआधी शेवटचं एक वाक्य तुला इकबालभाईच्या आवाजात हवंय. 'मी तुला माफ केलं, जा.' बस, एवढंच. मोबाईलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल, फक्त मागून पंख्याचा आवाज यायला नको, असंही लिहिलंयस. पंख्याची फार काळजी रे तुला!

खेळ मी पूर्ण खेळले, भाईला शेजारी बसवून. फवारणीच्या त्या सालापासून त्याचा डावा डोळा गेलेलाच आहे आणि उजव्याला उजेड-सावली तेवढी कळते. म्हणून पडद्यावर काय चाललंय ते मी सांगत होते आणि कोण काय बोलतं ते वाचून दाखवत होते. पहिल्याच शेतात पाठीवरच्या पंपाचा आवाज आला तसा तो हसला. "हा बॅटरीवाला हाय, याचं वॉशर गेलं," म्हणाला. तू आवाज कुठून मिळवलास माहीत नाही, पण तेवढं मात्र तुला जमलंय. चांगल्याला चांगलं म्हणायला मी मागं सरत नाही.

आठवतं ना, हे उद्योग आपल्याला भाईनंच शिकवले. पंप दुरुस्तीच्या दुकानात मागच्या फळीवर, नोझल आणि नळ्यांच्या पसाऱ्यात तो जुना कॉम्प्युटर होता. पुसदहून शिकवणी आटोपून आलो की आपण दोघं दप्तरासकट तिथंच. खेळ सगळा इंग्रजी, आणि आपल्याला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. भाई राजापासून राक्षसापर्यंत सगळ्यांना वऱ्हाडी बोलायला लावायचा. सिंहासनावरचा तो दाढीवाला राजा "काहून आला बे इकडे?" म्हणायचा आणि आपण हसून हसून स्टुलावरून पडायचो. मग नेमकी वीज जायची. खेळ म्हणजे, आपल्यापुरता एक माणूस घ्यायचा, त्याला घेऊन गावोगाव हिंडायचं, समोर कुणी आलं की खाली उमटलेल्या उत्तरांतलं एक निवडायचं, आणि जे निवडलं तसं आपलं पुढं होत जायचं. मला तर वाटायचं, शाळेत याहून कामाचं काही शिकवतच नाहीत.

आपले तिघांचे तीन स्वभाव तिथंच उघडे पडले होते, तेव्हा लक्षात आलं नाही इतकंच. मी लालची. जो भेटेल त्याच्याशी गोड बोलायची, कारण गोड बोललं की तलवार नाहीतर अंगठी मिळायची. तू हुशार. कुणाशी बोलायच्या आधी सेव्ह करायचास, आणि बोलणं अंगाशी आलं की परत मागं. लोकांची घरं लुटायचास, मग देवळात जाऊन मूठभर नाणी वाहायचास, की तुझ्या माणसाचा काळा पडलेला चेहरा पुन्हा पांढरा! "पाह्य, झालो मी चांगला," म्हणून टाळ्या पिटायचास. आणि भाई? त्यानं एकदा घाईघाईत पुलावरच्या राखणदाराला मारून टाकलं. राखणदार निर्दोष निघाला आणि भाईच्या बरोबर सुरुवातीपासून चालत आलेला सोबती रागावून निघून गेला. तू लगेच म्हणालास, मागं जाऊ, सेव्ह आहे. भाई म्हणाला, "केलं थे केलं. आता त्याच्याबिना जाऊ." सोबत्याशिवाय पुढं गेला आणि किल्ल्याच्या दारातच हरला. तू त्याला येडा म्हणालास. मीही म्हणाले.

आता त्या सालाबद्दल लिहिते. तू माझ्यासारखाच होतास तिथं, तरी लिहिते, कारण तुझ्या खेळात ते साल फार धूसर झालंय. कापूस डोक्याच्या वर गेला होता. आत शिरलेला माणूस बांधावरून दिसायचा नाही. अळीनं बोंडं पोखरली होती आणि जो तो फवारणीच्या मागं लागला होता. भाई दुपारपर्यंत पंप दुरुस्त करायचा आणि मग मजुरीनं फवारायला जायचा. तू तेव्हा कृषी केंद्रात कामाला होतास. शेठ मागच्या खोलीत कॅनमधलं औषध साध्या बाटल्यांत भरून घ्यायचा, आणि त्यांतली एक तू आपल्या हातानं भाईला दिलीस. "भाई, हे जोरदार हाय," म्हणालास. तेच फवारून भाईचे डोळे गेले. बाटलीत काय होतं ते तुला ठाऊक नव्हतं, हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानते. त्याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोललेली नाही. आठव, दवाखान्यात भाईच्या उशाशी तूच बसला होतास, आणि अम्मी स्वतःच्या आधी तुला चहा द्यायची.

पण चौकशीला कृषी खात्याचे साहेब आले. दुकानात शेठ तुझ्या मागं उभा होता. मी भाईची बाटली पिशवीत घालून आणली होती आणि तुझ्याकडं बघत होते, कारण खरं सांगणारा तिथं तूच एकटा होतास. तू बाटली हातात घेतलीस, फिरवून पाहिलीस आणि म्हणालास, "आमच्या दुकानातली नाही." मग साहेबांनी लिहिलं की फवारणाऱ्यानं कुठलं तरी औषध कुठून तरी आणून स्वतःच मिसळलं. गावातले चार शहाणे म्हणाले, तोंडाला फडकं बांधायचं नाही आणि मग बोंबलायचं. माझा भाऊ आंधळा झाला तो झालाच, वर मूर्खही ठरला. आणि तू पुण्याला गेलास. जाताना भेटला नाहीस, ते एक बरं केलंस.

तर आता तुझा खेळ. दुकानातला पोरगा खोटं बोलतो, एक माणूस आंधळा होतो, आणि पोरगा पापाचं ओझं घेऊन गावात फिरतो. वर कोपऱ्यात त्या पापाची पट्टी आहे, तांबडी. म्हातारीला पाणी भरून दिलं की थोडी हिरवी. काट्यात अडकलेली बकरी सोडवली की आणखी थोडी. देवळातला दिवा, दर्ग्यातला दिवा, दोन्हीकडं तेल घातलंस, कुणाला नाराज केलं नाहीस, शाबास! पट्टी पूर्ण हिरवी झाली की विहिरीपाशी जायचं. तिथं आंधळा उभा. सुरुवातीपासून तिथंच उभा. आपण कधीही जावं, ऊन असो पाऊस असो, तो आहे तिथंच. भाईनं हे ऐकलं आणि मला थांबवलं. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण तुझा विषय निघाला की तो अजूनही वऱ्हाडीवर येतो. म्हणाला, "हा उभाच काहून राह्यते? याले घर नाही का? भूक नाही लागत याले?"

याचं उत्तर, अमर, तू दे. तुझ्या आंधळ्याला ना बहीण आहे, ना दुकान. इथं तर दुकान चालू आहे. पाटी भाईचीच आहे, पाना माझ्या हातात असतो. भाई आवाज ऐकून दोष सांगतो, मी खोलते. बाई पंप दुरुस्त करते म्हणून आधी लोकांनी नाकं मुरडली, आता तेच लोक हंगामात रांग लावतात. भाईनं चिडून ताटं फेकलीत, महिनोन् महिने अबोला धरलाय, एकदा मलाही मारलंय. तो काही संत नाही. पण विहिरीपाशी तुझी वाट बघत तो एक दिवसही उभा राहिलेला नाही.

आणि ती उत्तरं! विहिरीपाशी पोहोचल्यावर तू तीन दिलीस. 'मला माफ कर.' 'माझा नाइलाज होता.' आणि काही न बोलता निघून जाणं. मी तिन्ही करून पाहिली. कुठलंही निवडा, आंधळा तेच म्हणतो, मग बासरी वाजते आणि सूर्य उगवतो. अंगाची लाही लाही झाली माझी. 'बाटली आमच्याच दुकानातली होती' हे उत्तर कुठंय? सगळ्या खेळात मी शोधलं. म्हातारीशी बोलताना नाही, साहेबांशी बोलताना नाही, शेठशीही नाही. इतक्या बकऱ्या सोडवल्यास, तेवढं एक वाक्य लिहायला तुझा हात धजला नाही?

लोक मला सांगतात, झालं गेलं सोडून दे, मन मोठं कर. माझं मन आहे तेवढं पुरे आहे. तुला वाईट वाटतं हे मला कळतं. खेळ खेळताना तर जागोजागी कळलं, आणि एका ठिकाणी मला रडूही आलं. पोरगा रिकाम्या दुकानात शिरतो आणि फळीवरच्या नोझलला हात लावतो, तिथं. मला तुझी आठवण येते. तुझ्याशिवाय इथं दुसरं कोणी नाही, ज्याला त्या दाढीवाल्या राजाचं नाव घेतलं की हसू येईल. पण तुझं वाईट वाटणं हे तुझं आहे. त्याचं ओझं उतरवायला माझा भाऊ हमाल नाही.

तुझं ते वाक्य मी भाईला वाचून दाखवलं आणि फोन त्याच्यापुढं धरला. रेकॉर्डिंग चालूही केलं, कारण नाही म्हणायचा हक्क त्याचा आहे, माझा नाही. त्यानं फोन चाचपून पाहिला. मग म्हणाला, "माफी द्याची का नाही थे मी पाहीन. यानं पयलेच लिहून कायले ठेवली?" आणि फोन बाजूला सारून चहा मागितला. हे रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे. पंखा बंद होता. हवं असेल तर पाठवते, वापर मेळाव्यात.

पत्ता कशाला घेतला ते आता सांगते. पुसदच्या विमलताई वकिलांनी भाईचं ते प्रकरण आता कोर्टात नेलंय, आणि साक्षीदारांत मी तुझं नाव लिहून दिलंय, तुझ्या याडीच्या दारात उभी राहून, त्यांच्यादेखत. त्या एवढंच म्हणाल्या, "लिव्ह. माह्या पोरानं खोटं सांगतलं, मले माहीत हाय." कोर्टाचं समन्स या पत्रामागोमाग तुझ्याकडं येईल. ते तुला अचानक मिळू नये, एवढी दोस्ती मी अजून राखते, म्हणून हे पत्र. ये किंवा येऊ नकोस. आलास तर तेव्हाचंच पुन्हा सांग किंवा खरं सांग. शेठ या वेळीही तुझ्या मागंच बसेल. काय बोलायचं ते मी तुला लिहून देणार नाही. संक्रांतीनंतरची तारीख आहे. भाई पहिल्या बाकावर बसणार आहे, त्याला तुझा चेहरा दिसणार नाही, पण ऐकू सगळं येतं.

अजून तरी तुझीच,
शगुफ्ता